द्राक्षवंदना

आमच्या गावाला यायचं असेल तर पावसाळ्यात येऊ नका. बसमध्ये माइक हातात घेऊन मी हे इतकी वर्षं सांगितलं आणि पुणेकर इतकी वर्षं पावसाळ्यातच आले. पावसात वेलीला नुसता पाला असतो, घड नसतो. मग बसमधून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "मॅडम, द्राक्षं कुठायत?" आता काय सांगायचं? दिवाळीत आंब्याच्या झाडाखाली उभं राहून आंबे मागता का हो तुम्ही? नाही ना? मग द्राक्षानंच काय घोडं मारलंय?

संपादकांचा फोन आला. "ताई, तुम्ही त्या गावच्याच. वाइनचं गाव कसं पाहावं, यावर स्थानिकाच्या नजरेतून काहीतरी छान, हलकंफुलकं लिहा." लिहिते म्हटलं. हलकंफुलकं होईल याची हमी दिलेली नाही. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तुम्ही लगेच मोबाइल काढून रस्ता बघाल, आणि तुम्ही तिथं जावं असं मला आता मनापासून वाटत नाही.

मी मूळची तिथली. लग्न होऊन धायरीत आले, तेव्हा धायरीतही ज्वारीची शेतं होती. मुलं मोठी झाल्यावर एका टूर कंपनीत लागले. शनिवार-रविवारी पुण्याहून बस भरायची, आमच्या गावाला न्यायची, वाइन पाजायची, संध्याकाळी ज्याला त्याला त्याच्या घराजवळ सोडायचं. गुडघे बोलायला लागले तेव्हा सोडलं, असं मी लोकांना सांगते.

गाइडचं काम म्हणजे माहिती सांगणं, असा एक गैरसमज आहे. माहिती कोणाला हवी असते! काम म्हणजे माणसं मोजणं. बसमध्ये चढली की मोजायची, चहाला उतरली की मोजायची, चहा घेऊन आली की पुन्हा मोजायची, आणि एक कमी भरला की तो हमखास "मी तर इथंच होतो" म्हणत गुऱ्हाळामागून येतो. मळमळणाऱ्याला खिडकी द्यायची. भांडलेल्या नवरा-बायकोला दोन बाजूंची दोन दृश्यं दाखवायची. परतीच्या वाटेवर ज्याला जास्त झालीय त्याला पहिल्या सीटवर, माझ्या नजरेसमोर. चढलेला माणूस मागं बसला की गाणी म्हणतो, पुढं बसला की रडतो. रडलेला परवडतो.

मग वाइन चाखायची कशी ते शिकवायचं. पेला तिरका धरा, रंग बघा, नाक आत घाला, घोट तोंडात फिरवा, आणि पुढं बऱ्याच चाखायच्या असल्या तर समोरच्या भांड्यात थुंका. शनिवार पेठेतले एक निवृत्त मास्तर होते, सुनेनं वाढदिवसाला तिकीट काढून दिलं म्हणून आलेले. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थुंकायलाच यायचं होतं तर एवढ्या लांब कशाला आणलंत? आमच्या बोळात लोक ते फुकट करतात." सगळा घोळका हसला. मास्तर हसले नाहीत. पेठेतला माणूस स्वतःच्या विनोदाला हसत नाही, तो तुमच्या पुढच्या चुकीची वाट बघतो.

दुसरी गोष्ट, वाइनची द्राक्षं खायला नसतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. हे सांगितल्यावर प्रत्येक जण एक मणी तोडून तोंडात टाकतो आणि "ई, बिया!" म्हणतो. प्रत्येक जण. शिकलेला, न शिकलेला, सगळे.

तिसरी गोष्ट म्हणजे द्राक्षं तुडवणं. निम्मे लोक त्यासाठीच येतात. एका मोठ्या लाकडी टबात क्रेट ओततात, पँट दुमडून आत उतरायचं, गाणं लावायचं, नाचायचं, फोटो. त्या रसाची वाइन होते असं समजून लोक खूश असतात. होत नाही. वाइन कारखान्यात होते, यंत्रावर. तुमच्या पायाखालचं सगळं मागच्या खड्ड्यात जातं. हे माइकवर सांगायची मला परवानगी नव्हती, म्हणून इथं सांगते.

आता दाजी. खरं तर मला त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं, पण एकदम सुरुवात करायचा धीर होईना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमच्या गावात वाइनची द्राक्षं पहिल्यांदा लावणाऱ्या दोन-चार जणांतले. खड्डे त्यांनी स्वतः घेतलेले, तारा स्वतः ओढलेल्या. माणसांशी बोलायचं म्हटलं की दाजींच्या तोंडातून शब्द फुटत नाही, वेलींशी मात्र बोलतात. ऑक्टोबरात फळ धरावं म्हणून काडी कापतात, तिला आमच्याकडे गोडी छाटणी म्हणतात. ती करताना हा माणूस वेलीला "दुखलं का गं?" विचारतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आक्का म्हणाली, "हसू नगंस. मला बाळंतपणात सुदिक इचारलं न्हवतं."

मग कारखान्यानं कळवलं की ही जात आता आम्हाला नको, माल घेणार नाही. आजूबाजूच्यांनी बागा काढल्या. कुणी टोमॅटो लावला, कुणी प्लॉट पाडले. दाजींनी बाग काढली नाही आणि ते जेवेनासे झाले. आक्काचा मला फोन आला, "शैले, बाग मोडली तर ह्या माणसाचं काय खरं न्हाई बघ. तुज्या त्या बशी आमच्याकडं आण. लोकं बघाया येत असली तर बाग ठिवायला काय तरी निमित्त व्हईल."

आमच्या कंपनीचा मालक समीर, माझ्या मुलाच्या वयाचा. स्वभावानं वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. आला, बाग बघितली, आक्काच्या हातचा झुणका खाल्ला आणि म्हणाला, "ताई, परफेक्ट! टब इथे ठेवू."

टब म्हणजे काय ते दाजींना मीच समजावलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "पाय दिऊन नाचायचं? आन् मंग खायचं न्हाई, प्यायचं न्हाई?"

"नाही."

"मंग कशापायी?"

"मजा म्हणून, दाजी."

ते आपल्या वहाणांकडे बघत बसले. आमच्याकडे भाकरीच्या टोपलीला, सुपातल्या दाण्यांना चुकून पाय लागला तर माणूस आपोआप वाकतो, त्या वस्तूला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. तुमच्याकडेही असेल. पुस्तकाला पाय लागल्यावर तुमचा हात कुठं जातो ते आठवा. पण हे झालं चुकून लागलेल्या पायाचं. मुद्दाम द्यायच्या पायाचं काय करायचं, हे आपल्यात कुणी ठरवून ठेवलेलं नाही. तशी वेळच आली नव्हती.

आतून आक्का म्हणाली, "अहो, बाग ऱ्हाईल."

मग दाजी म्हणाले, "बरं. पर आदी मी हात लावीन. मंग तुमी काय बी करा."

पहिल्या बसमध्येच ते शनिवार पेठेतले मास्तर होते. मंडळी पोहे खात होती तेव्हा दाजी एकटेच टबापाशी गेले. आत त्यांच्याच बागेतली द्राक्षं होती, कारखान्यानं नको म्हटलेली. वाकून मण्यांना उजवा हात लावला, कपाळाला लावला, पुटपुटले, "चुकलंमाकलं पोटात घाल," आणि पाठ फिरवून बागेच्या पार टोकाला जाऊन बसले. तुडवणं संपेपर्यंत आले नाहीत. मास्तरांनी हे पोह्याच्या ताटलीवरून पाहिलं. बुटाची नाडी सोडत होते ती पुन्हा बांधली, आणि तेही चालत बागेच्या टोकाला गेले. दोघं टबाकडे पाठ करून बसलेले मला लांबून दिसत होते. परत येताना मी विचारलं, काय बोललात? मास्तर म्हणाले, "काही नाही. त्यांनी तंबाखू आहे का विचारलं, मी नाही म्हणालो."

असं बरेच हंगाम चाललं. बस यायची, लोक पोह्यांवर असताना दाजी आपलं काम उरकायचे, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बाग उभी होती. दाजी दोन वेळा जेवत होते. ते दिवस बरे होते, एवढंच म्हणते.

मग वाघोलीच्या एका कंपनीतली पोरंपोरी आली. त्यात यवतमाळकडची एक मुलगी होती, नोकरीसाठी पुण्यात एकटी राहणारी. ती पोहे सोडून टबाकडे गेली होती, तिनं दाजींना पाहिलं. माझ्याकडे आली तेव्हा डोळे भरलेले. "मॅडम, माझे आबाजी सेम असंच करायचे. लिटरली सेम. मला एकदम घरची आठवण आली." तिनं मोबाइलवर ते टिपलं होतं. घरी जाऊन चार चांगल्या शब्दांसकट नेटवर टाकलं, सगळ्यांनी पाहिलं. त्या पोरीबद्दल माझ्या मनात काडीचा राग नाही. तिचं रडू खरं होतं. पण पुढच्या शनिवारी बसमध्ये चढतानाच लोक विचारायला लागले, "ते नमस्कारवाले काका आज असतील ना?"

त्यानंतरच्या आठवड्यात समीरनं कार्यक्रमपत्रिका पाठवली. नाश्ता आणि टब यांच्यामध्ये एक नवी ओळ होती. 'द्राक्षवंदना (पारंपरिक).'

मी फोन लावला. "समीर, ही परंपरा नाहीये. तो माणूस माफी मागतोय."

"ताई, तेच तर! माफीची परंपरा. किती डीप आहे ते!"

कपाळ! 'द्राक्षवंदना' हा शब्द त्यानं कुठून काढला कोण जाणे. आमच्या गावात द्राक्षाला वंदना कुणी केली नव्हती. वाइनचं द्राक्षच गावात माझ्या लग्नानंतर आलं, तर परंपरा कुठून येणार? पण शब्द छापला की तो खरा होतो. लोक माझ्याकडे त्याचा अर्थ विचारायचे, आणि मी, शप्पथ सांगते, दर वेळी खरं तेच सांगायचे. त्यांना ते आणखीच आवडायचं.

आता दाजींनी सगळ्यांसमोर करायचं. सदऱ्यावर जाकीट आलं, टोपी गेली, फेटा आला. लग्नानंतर त्या डोक्यावर फेटा चढला नव्हता. समोर मोबाइलची रांग. "काका, जरा हळू." "काका, एकदा अजून, माझा फोन लॉक झाला होता." "काका, चेहरा उजेडाकडे. हां, तस्साच धरा हात." दाजी करायचे. हळू म्हटलं की हळू, पुन्हा म्हटलं की पुन्हा. "चुकलंमाकलं" म्हणायचं मात्र त्यांनी बंद केलं. ओठ मिटलेले असायचे. आणि बागेच्या टोकाला जाणंही सुटलं, कारण नंतर सेल्फी असायचे.

एकदा पाणी द्यायच्या निमित्तानं त्यांना बाजूला घेतलं. "दाजी, नको वाटत असेल तर सांगा. मी समीरशी भांडते."

"न्हाई गं," ते म्हणाले. "बाग हुबी हाय न्हवं?"

बाग उभी होती. त्यांनी आपल्यापुरता सौदा केला होता आणि तो ते पाळत होते. माझ्या जिवाची मात्र तगमग व्हायची. मी तिथलीच, मीच माइक धरायचा, मीच म्हणायचं, "मंडळी, या पुढे, वंदना सुरू होतेय." मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं, हे गाइडला यावंच लागतं. वाइन ओळखता नाही आली तरी चालते.

गावातल्या बाकीच्यांनी हे बघितलंच. वर्षभरात जिकडेतिकडे द्राक्षवंदना सुरू झाली. एकानं शंख आणला. एकानं नारळ फोडायला घेतला. एकाच्या फाटकावर पाटी लागली, 'आमची शेकडो वर्षांची परंपरा.' त्याच्या बापानं त्या जमिनीत आयुष्यभर कांदा केलेला, मी स्वतः त्यांच्याकडे कांदा काढायला गेलेली आहे.

मग एका रविवारी एक बाई दाजींपुढं उभ्या राहिल्या. चांगल्या घरच्या, चौकस. म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे शॉर्टकटमध्ये आहे का? पलीकडच्या फार्मवर आरती पण असते. ओरिजिनल पद्धत नेमकी कशी आहे हो?"

दाजी फेट्याखालून त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मला म्हाईत न्हाई, बाई."

परतीच्या वाटेवर मी माइक हातात घेतला नाही. लोकांना वाटलं घसा बसला. एका मुलानं मला खडीसाखर दिली.

पुढचं भराभर झालं. वंदनेला गर्दी वाढली. समीर म्हणाला, "ताई, बसायला जागाच नाही. घराजवळच्या एक-दोन ओळी काढू." द्राक्षांना हात जोडायला माणसं बसावीत म्हणून द्राक्षं उपटली. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचलं. बरोबर आहे, असंच झालं. दाजी म्हणाले, "जाऊं दे. बाकीच्या हायत." मग मंडपासाठी आणखी काही ओळी गेल्या. मग झोपाळे आले. मग स्टेज. दाजी दर वेळी उरलेल्यांकडं बोट दाखवायचे, आणि दर वेळी बोट जरा लांब न्यावं लागायचं. वेली उपटायला यंत्र यायचं तेव्हा आक्का त्यांना काहीतरी कारण काढून बाजारात पाठवायची.

शेवटी समीरला मोठी जागा मिळाली. पोहण्याचा तलाव, गाड्यांना सावली, सगळं. तिथं नाटकात कामं केलेला एक माणूस ठेवला. पिळदार मिशा, खणखणीत आवाज, वंदनेला संस्कृतसारखं काहीतरी म्हणतो. लोकांना तो फार आवडतो. दाजींकडे बस जायची थांबली. एप्रिलात खरड छाटणी करायला हवी होती, नव्या काड्या येण्यासाठी ती लागतेच. दाजी कात्री घेऊन उरलेल्या वेलींत गेले आणि तशीच घेऊन परत आले. त्या वर्षी कुणी छाटलं नाही, पुढच्या वर्षी छाटायला काही राहिलं नाही. आता तिथं तारा आणि खांब आहेत. बाग वाचवायला त्यांनी जे दिलं, ते गेलं आणि बागही गेली. मी याला दुसरं काय म्हणू? मला कुणी सांगावं की नाही, त्यातून अमुक एक बरं निघालं. मी खूप शोधलं.

तरी तुम्हाला जायचंच असेल, तर फेब्रुवारीत जा. सकाळी लवकर जा, पाल्यावर ऊन तिरकं पडतं तेव्हा बागेत चालायला फार छान वाटतं, हे मी खोटं सांगणार नाही. पांढरे कपडे घालू नका. टबात उतरू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. म्हटलं तर 'टबात न उतरण्याची परंपरा' म्हणून तीही पत्रिकेत छापून येईल.

या उन्हाळ्यात दाजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोघं माझ्याकडे धायरीला आली होती. डोळा छान झाला, डॉक्टरांनी शाबासकी दिली. दाजींना टेबलावर जेवण जात नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात खालीच पाट मांडले होते. आम्ही तिघंच. आक्का भाजी वाढत होती, मी ताक घुसळत होते. स्वतःचं जेवण झाल्यावर दाजी भिंतीला धरून उठायला गेले आणि त्यांचा पाय भाकरीच्या टोपलीला लागला.

ते थांबले. वाकले. टोपलीला उजवा हात लावला आणि कपाळाकडे नेला, हळू, अगदी हळू. मग मान वळवून तोंड खिडकीकडं केलं, जिथून उजेड येत होता, आणि हात कपाळाला तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं, डोळ्याला काही झालं की काय. मी रवी सोडून उठले. तेवढ्यात ते पुन्हा वाकले आणि त्यांनी ते सगळं पहिल्यापासून परत केलं, तितकंच हळू, आणि परत थांबले.

आक्कानं भाजीचं पातेलं खाली ठेवलं. त्यांच्याजवळ गेली आणि कपाळावरचा हात धरून खाली घेतला.

"अहो," ती म्हणाली, "हितं कोण न्हाई."